सोमवारी आवाज थांबला

तेरखेडा
दि. ९ मे २०२३

चि. मल्हार यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज तुटतो आणि मी रडायला लागले की तू फोन ठेवतोस, म्हणून हा नवा मार्ग काढला आहे. मी कागदावर लिहीन, सूनबाई हर्षाली त्याचा फोटो काढून पाठवील. तुला रेंज मिळेल तेव्हा वाच आणि तूही तसंच लिही. निदान तुझं अक्षर तरी दिसेल.

सुदानमधली आपली माणसं जहाजानं परत आली, ते टीव्हीवर पाहिलं. मी गर्दीत तुझं तोंड शोधत बसले होते. तू म्हणतोस, लढाई राजधानीत आहे आणि तुमचा कारखाना दोनशेहून जास्त किलोमीटर खाली, मदनी शहराच्याही पलीकडं, म्हणून भीती नाही. अरे, साखर शिजवायला या पृथ्वीवर दुसरी जागा नव्हती का? आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझा हट्ट मी ओळखते. लग्न नको म्हणालास तेही याच सुरात.

तुझं एक ठीक, पण तू फिटर म्हणून शरणबसप्पालाही तिकडं बोलावून घेतलंस. त्याची बायको हरणाबाई परवा शेजारच्या वाशीहून आली होती. शिवणाची मशीन बंद ठेवून, मुलीला, अर्पिताला घेऊन. मल्हारदादा बरोबर असल्यावर मला काळजी नाही, असं म्हणाली आणि चहा पिऊन गेली. तिचा हा भरवसा मला फार जड जातो, मल्हार. तू नेलास, तूच त्याला आणायचं.

जेवत जा. माया आहेच, तिथल्या उन्हात ती वाळू देऊ नकोस.

तुझी,
दैवशाला अक्का


कारखाना वसाहत
दि. २० ऑगस्ट २०२३

ती. अक्कास मल्हारचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोटो वाकडा आला होता, पण तुमची खरडपट्टी सरळ वाचता आली.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की भांडण कशाचं. दोन सेनापती आहेत, एक लष्कराचा आणि एक लष्कराच्याच जोडीला वाढवलेल्या दुसऱ्या दलाचा. दोघांनी मिळून राज्य ताब्यात घेतलं आणि मग वाटणीवरून एकमेकांवर उठले. आपल्याकडं भाऊभाऊ बांधावरून कोर्टात जातात, इथं तोफा आहेत एवढाच फरक. राजधानीची माणसं मदनीत येऊन राहिलीत. शाळेशाळेत चुली पेटल्यात. मदनी सुरक्षित आहे असं सगळेच धरून चाललेत, कारण तिथं लष्कराची मोठी छावणी आहे.

शरण मजेत आहे. इथं ज्वारी पिकते, पण हे लोक तिची आंबवून पातळ घावनासारखी पोळी करतात. आपला फिटर रोज त्यांना भाकरी थापायला शिकवतो आणि रोज हरतो. पहारेकरी इद्रिसचाचा त्याला म्हणाला, तुझी भाकरी उशाला घेऊन झोपता येईल.

नोव्हेंबरात गाळप सुरू होईल, एप्रिलात संपेल. मग दोघंही येतो. हरणावहिनींना सांगा, विमानात आधी शरण चढेल, मग मी.

आपला,
मल्हार


कारखाना वसाहत
दि. १८ डिसेंबर २०२३, सोमवार, दुपार

ती. अक्कास शि. सा. न.

बातम्या पाहून घाबरला असाल, म्हणून घाईनं लिहितो. बातमी चांगली आहे.

शुक्रवारपासून मदनीच्या पुलाकडं तोफा वाजत होत्या. ते दुसरं दल पूर्वेकडून शहरावर चालून आलं होतं. वसाहतीतली निम्मी माणसं दक्षिणेला सिन्नार शहराकडं निघून गेली. उरलेल्या चार कुटुंबांसाठी आणि आमच्यासाठी शरणनं कारखान्याची लॉरी तयार केली. आज तीनला निघायचं ठरलं होतं.

मी तीन दिवस गच्चीवर बसून ऐकत होतो. फटाक्यांच्या गावच्या, तेरखेड्याच्या माणसाला दुसरं काय येतं? आपल्या वडिलांनी, अण्णांनी शिकवलं तसं, चमक दिसली की अंक मोजायचे आणि दणका आला की थांबायचं, म्हणजे अंतर कळतं. काल आवाज जवळ होता, सकाळी विरळ झाला आणि दीडच्या सुमारास अगदी थांबला. अण्णा माळावर नव्या फटाक्यांची चाचणी घ्यायचे ते आठवतं? माल नापास असला की पुन्हा पुन्हा वाजवून बघायचे. आवाज थांबला की गावाला कळायचं, माल पास झाला. इथंही तसंच झालंय. लष्करानं त्यांना पुलावर थोपवलं असणार.

म्हणून मी निघणं रद्द केलं. रस्त्यावर लुटारू आहेत, लहान मुलं बरोबर आहेत. त्यापेक्षा घर बरं. शरण कुरकुरला. आवाज थांबला असेल तर पळायला हीच वेळ बरी, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, तुला दिवाळीचे चार फटाके माहीत, मला त्यांचं घराणं माहीत. तो हसला. लॉरी कुणी चोरू नये म्हणून तिची बॅटरी काढून ठेवायला सांगितली आहे.

आज तुम्ही निवांत जेवा.

आपला,
मल्हार


तेरखेडा
दि. २२ जानेवारी २०२४

चि. मल्हार यास आशीर्वाद.

हे पाचवं पत्र. आधीच्या चारांवर एकच टिक दिसते, म्हणजे पोचली नाहीत असं हर्षाली सांगते. तरी लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी बातम्यांत सांगत होते की मदनी पडली. मी टीव्हीवर विश्वास ठेवला नाही, तुझ्या अक्षरावर ठेवला. दोन दिवस ठेवला.

हरणाबाई आठवड्यातून दोनदा येते. विचारत काही नाही. माझ्या दारात बसून तांदूळ निवडून देते आणि शेवटच्या गाडीनं जाते. मल्हार, नुसतं एक अक्षर पाठव. कसलंही.

अक्का


सिन्नार
दि. १७ मार्च २०२४

ती. अक्कास नमस्कार.

देशभर फोन बंद आहेत. इथं एका दुकानात उपग्रहाचं इंटरनेट दहा मिनिटं मिळतं. चारही कुटुंबं आणि मी चालत इथं पोचलो. शरण नाही. एकोणीस डिसेंबरला, मंगळवारी सकाळी दहाला गेला.

फाटकातून सहा गाड्या आत आल्या. त्यांना लॉरी हवी होती. शरणनं किल्ली दिली. किल्ली फिरवली तरी लॉरी सुरू होईना, कारण बॅटरी काढून घरात ठेवलेली होती. शरण बॅटरी आणायला वळला. त्यांना वाटलं, हा फसवून पळतोय. एकानं गोळी घातली. मग त्यांनी शांतपणे दुसरी गाडी ओढून नेली.

इद्रिसचाचानं आणि मी त्याला पंपघराच्या मागं कडुनिंबाखाली पुरलं. लिंगायतांत बसवून पुरतात हे मला माहीत होतं, पण तेवढं खोल खणायला सवड नव्हती. आडवा ठेवला. गळ्यातलं इष्टलिंग हरणावहिनींसाठी काढून घेतलंय. ते माझ्या खिशात आहे.

इथं मदनीहून आलेला एक शिपाई भेटला. तो सांगत होता, दारूगोळा होता, माणसं होती, पूल हातात होता. दुपारी फोनवर हुकूम आला, सोडा आणि निघा. हुकूम कुणाचा आणि का, हे त्यालाही ठाऊक नाही. लढाई झालीच नाही, अक्का. म्हणून आवाज नव्हता. मी सोडून दिलेल्या शहराची शांतता ऐकली आणि जिंकलेली समजलो. अण्णांची चाचणी अण्णांच्या माळापुरती खरी होती.

एक मागणं आहे. हरणावहिनींना सांगा की पळताना गोळी लागली. मी थांबवलं हे सांगू नका. बॅटरीचं तर नकोच.

मल्हार


तेरखेडा
दि. ८ एप्रिल २०२४

चि. मल्हार यास आशीर्वाद. तू जिवंत आहेस, हे मी रोज स्वतःला मोठ्यानं सांगते.

तू मागितलंस ते मी केलं नाही. वाशीला गेले आणि तिच्यापुढं तुझं पत्र सबंध वाचलं, बॅटरीसकट. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आता साठीनंतर कुठं नवं शिकू?

ती रडली नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, लिंग काढलं का? मग सांगितलं की त्यांच्यात ते जन्मल्यावर गळ्यात बांधतात आणि मातीत जाताना डाव्या तळहातावर ठेवतात. मागं ठेवून घेत नाहीत. तुला वाटलं आठवण म्हणून न्यावं. आपल्या घरातली रीत तू त्याला लावलीस, त्यात तुझं मन चांगलंच होतं. पण ती म्हणाली, ते त्यांच्या हातात दिल्याशिवाय माती पुरी होत नाही. दादांनी आधी ते करावं, मग यावं.

मला म्हणायचं होतं की सगळं टाकून पहिल्या गाडीनं ये. पण तुझ्या चुकीवर माझा हक्क नाही, तिचा आहे. म्हणून तिचं मागणं लिहिलं. माझं तू ओळखतोस.

काळजाचा तुकडा तिकडं, तो जप.

अक्का


सिन्नार
दि. १९ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

काम झालं. उशीर का झाला ते सांगतो.

एप्रिलात मदनीकडं जायला वाट नव्हती. जूनमध्ये त्या दुसऱ्या दलानं जबल मोया नावाचा डोंगर घेतला. डोंगर म्हणजे आपल्या बालाघाटाचाच एखादा सुटा तुकडा, पण तीन रस्ते त्याच्या पायथ्याशी मिळतात. तो गेला आणि सिन्नार कोंडलं गेलं. बाजारात तोफगोळे पडायचे. आम्ही पशुखाद्याची पेंड भिजवून खाल्ली. चार कुटुंबांतली एक म्हातारी आणि एक तान्हं त्यात गेलं.

ऑक्टोबरात लष्करानं तोच डोंगर परत घेतला. पंधरा दिवसांत त्या दलाचा या भागातला मोठा सरदार आपल्या माणसांसह लष्कराला येऊन मिळाला. त्या डिसेंबरात मदनी घेणारा तोच, असं लोक म्हणतात. एका हुकुमानं शहर गेलं होतं, एका माणसानं बाजू बदलल्यावर यायला लागलं. अकरा तारखेला लष्कर मदनीत शिरलं. मीही एका धान्याच्या ट्रकमधून मागं गेलो. माणसं रस्त्यावर नाचत होती, हवेत गोळ्या झाडत होती. त्यांतल्या काही गाड्या त्या मंगळवारी आमच्या फाटकातून आल्या असतील. मी तोंडं ओळखायचा प्रयत्न केला नाही.

कडुनिंब सरपणाला गेलाय. तिथं आता अकरा ढिगारे आहेत. शरणचा कुठला ते मला कळेना. इद्रिसचाचा तिथंच होता, एका डोळ्यानं अधू झालाय. त्यानं पंपघराच्या भिंतीपासून पावलं मोजली आणि बोट दाखवलं. आम्ही डाव्या बाजूनं उकरलं. तळहात म्हणावा असं काही उरलं नव्हतं, पण जागा तीच होती. लिंग तिथं ठेवलं आणि माती लोटली.

हरणावहिनींना एवढं कळवा. मी मात्र आता येत नाही, अक्का. कारखान्यात चोरांनी तारासुद्धा ठेवल्या नाहीत, पण पंप दुरुस्त झाला तर वसाहतीला पाणी मिळेल. तेवढं मला येतं. वाशीच्या त्या दारात उभं राहायला माझ्याजवळ पाय नाहीत.

तुम्ही माझ्यावर जीव लावलात, तो फुकट गेला असं समजू नका.

मल्हार


वाशी
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. मल्हार, पुढचं सगळं हरणाबाईचं आहे. ती बोलतेय, मी लिहितेय. एक शब्द बदललेला नाही. — अक्का

दादा, हरणाचा नमस्कार.

लिंग पोचलं. तुमच्याकडनं व्हायचं ते झालं. आता माझं ऐका, आन मधी उठू नगा.

त्या सोमवारी सांजच्याला त्येंचा फोन आला हुता. दादा न्हाय म्हणत्यात, पर मला काय हितं बरं वाटंना, असं म्हणले. इद्रिसचाचाची गाढवगाडी घिऊन उजेड हाय तवर निघतो, पुढच्या गावात थांबतो, असं बी म्हणले. म्या म्हणलं, न्हाय. एकट्यानं जाऊ नगा. दादास्नी आवाजातलं कळतंय, ते सांगतील तसं करा. मग बरं म्हणले आन अर्पिताला फोन द्यायला सांगितला.

ह्ये म्या कुणालाच बोलले न्हाय. अक्कानं तुमचं पत्र वाचलं तवा तोंडावर आलं हुतं. पर तुमी समदं अंगावर घेतल्यालं बघितलं आन म्या तुमच्या आड लपले. लिंगाचं सांगितलं ते खरंच हाय, आमच्यात तसंच असतंय. पर माझ्या मनात आनखी बी हुतं. तुमी लगीच हिकडं येऊ नये, माझ्यापुढं बसू नये, ह्ये बी हुतं. वाट बंद हाय ह्ये मला बातम्यात दिसत हुतं. तरी पाठवलं. त्यापायी तुमी वरीसभर तोफांखाली बसलात. तुमचं काय झालं असतं तर अक्काला म्या काय सांगितलं असतं?

तुमी म्हणता, दारात उभं ऱ्हायला पाय न्हाईत. मला तर माझ्याच घरात उभं ऱ्हायला पाय न्हाईत. तुमी तिकडंच ऱ्हायलात तर माझं म्हणणं मी कुणाला ऐकवू?

अर्पिताला एवढंच म्हाईत हाय की बाबा लढाईत गेले. ती आता इच्यारती, कसं गेले, कुणामुळं गेले. तुमी आर्धं सांगा, म्या आर्धं सांगते. मला एकटीला त्ये जमंना झालंय. पंप दुसरा कुणी बी सुरू करंल.

तिची परीक्षा मार्चात सरती. त्याच्या पुढं म्या तिला थोपवू शकत न्हाय.

हरणाबाई शरणबसप्पा