पिवळ्या तापाचं कार्ड

लोकेशभाऊ,

उद्या तू घरी येशील, म्हणून सकाळपासून जीव थाऱ्यावर नाई. तोंडानं सांगणं होणार नाई, म्हणून लिहून राह्यली. हे तुले देईन का, तेही ठाऊक नाई.

बाबा गेल्याचं कळताच तू आफ्रिकेतल्या सिमेंट कारखान्यातून निघाला. इकडं भारतात उतरल्यावर विमानतळावरच्या साहेबांनी पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागितलं. तू फोन केला, "दिव्यानी, कार्ड कोरपन्याले घरच्या आलमारीत राह्यलं. फोटो पाठव, नाईतर तापाच्या भीतीनं सहा दिवस इथीच वेगळं ठेवतील."

मी म्हटलं, "नाई सापडून राह्यलं."

भाऊ, कार्ड माह्या हातात होतं. दोन वर्षं बाबाचं अंग मी पुसलं, घास मी भरवला. ते रोज तुलेच विचारत, अन् तुले सुट्टी नाई. मग आता अग्नी द्याले तूच काऊन? फोटो पाहून साहेबांनी तुले सोडलं असतं का, मले माहीत नाई. मी पाठवलाच नाई.

अग्नी मी दिला.

काल तू फोनवर रडला, "माहीच चूक, कार्ड मीच विसरलो."

मी म्हटलं, "जाऊ दे भाऊ, होते माणसाकडून."

तुही लहान बहीण,
दिव्यानी