डीजेच्या डब्यावर ठेवलेला लॅपटॉप

७ नोव्हेंबर
…अंगण झाडून झालं होतं. सुपात तांदूळ घेऊन निवडत होते, गॅसवर चहा. हे लॅपटॉप घेऊन ओट्याशीच उभे. आदल्या दिवशी त्यात वेगवान हार्ड डिस्क टाकून आणलेली. मिनिटाला सात हजार दोनशे फेरे म्हणे. आधी तो चालू होईपर्यंत चहा उतू जायचा. त्या सकाळी उकळीही आली नव्हती. "पाह्य, पाह्य!" नुकत्याच पास झालेल्या पोरासारखा चेहरा. आज चहा टाकताना आठवलं. रविवारी त्यांना जाऊन वर्ष होईल.

८ नोव्हें.
त्या डिस्कवर यांचा आवाज आहे. परसवाड्याच्या शाळेत शिकवून आले की मराठी पुस्तकं मोठ्यानं वाचून त्यात भरायचे. दुसऱ्या दिवशी मी ते लावायचे आणि पुस्तकावर बोट फिरवत जायचे. तशीच वाचायला शिकले. तो आवाज दुसरीकडे कुठेच नाही. दिरांना म्हटलं, भाऊजी, पेन ड्राइव्हमध्ये उतरवून द्या न. "देतो न वहिनी, कार्यक्रम होऊन जाऊ द्या." रविवारी वर्षाच्या पुण्यानुमोदनाला यांचं विहारातलं जुनं भाषण सगळ्यांना ऐकवायचं आहे त्यांना.

९ नोव्हें.
किळस आली. लोकांची, आणि माझीही.
वंदना झाली. भाऊजींनी चालू लॅपटॉप डीजेच्या मोठ्या स्पीकरच्या डब्यावर ठेवला. डबा थरथरत होता. हे सांगायचे, ही डिस्क पळते जोरात, पण हादरा सहन होत नाही तिला. चालू असताना मांडीवरूनही उचलू द्यायचे नाहीत. मला माहीत होतं. पाहुण्यांसमोर दिराला कसं टोकायचं, म्हणून पदर सावरत बसून राहिले. मागून कोणी ओरडलं, "काहून एवढा कमी आवाज? वाढवा!" वाढवला. भाषण अडकलं. मग नुसतं कट्, कट्, कट्.
"गुरुजी छडी मारून राह्यले!" लोक हसले. मग जेवायला बसले. वरणात मीठ कमी आहे म्हणे.

११ नोव्हें.
भाऊजींच्या ओळखीचं दुकान. मालकाच्या तोंडात गुटखा. लॅपटॉपमधून डिस्क बाहेर काढून म्हणाला, "अम्मा, ये तो गई. घूमनेवाली अब कौन लगाता है? नई डलवा लो, रॉकेट चलेगा."
"मले रॉकेट नाही पाह्यजे. याच्यातलं काढून दे."
"तो खोल के देखता हूँ." डिस्कला पेचकस लावलासुद्धा. टेबलावर धूळ, गुटख्याचा भुगा, चहाचे डाग. हे सांगायचे, आत धूळ गेली की डिस्क संपली. मी हातच धरला त्याचा.
भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमाले काय समजते त्यातलं? फोटो आहे न भिंतीवर."
डिस्क पिशवीत टाकली. घरी येऊन दोनदा हात धुतले, तरी तो वास

१२ नोव्हें.
काही नाही. पुस्तक उघडलं, मिटलं.

१४ नोव्हें.
नागपूरला अशा डिस्कमधून माहिती काढून देणारे आहेत. फोन केला. माणूस नीट बोलला. "ताई, चालली तर दोन-चार मिनिटं चालेल. सगळं निघेलच असं सांगत नाही. पहिले कोणती फाईल काढू, ते लिहून आणा. एकच."
भाऊजींना कळलं. लगेच आले. "भाषण लिवा वहिनी. समाजाचं आहे ते. पुस्तकं काय, तुमी ऐकलेलीच हायेत."
समाज. तो दात काढून हसणारा.
"हौ," म्हटलं. चहाही विचारला नाही.

१५ नोव्हें.
पहिल्या गाडीनं नागपूरला गेले. डिस्क दिली. सोबत कागद दिला. भाषणाचं नाव नाही लिहिलं. ज्यात वाचता वाचता यांना ठसका लागतो आणि ते मला पाणी मागतात, त्या फाईलचं लिहिलं.