पुढची तारीख न देता

बाबा, आज सकाळी तुमची नात डबा पिशवीत कोंबताना म्हणाली, "आई, साइनी डाय म्हणजे काय गं? सर आज विचारणारेत." ती लॉ कॉलेजला आहे, तुमच्याच वाटेने निघालीय, हे तुम्हाला ठाऊक नाही. अर्थ मला तोंडपाठ होता. पण तो आठवला तुमच्या आवाजात.

वकिली सांभाळून तुम्ही आमच्या इंग्रजीतल्या लॅटिनवर पहारा ठेवायचात. 'वगैरे'साठी मी ई-सी-टी लिहिलं की वही परत माझ्याकडे यायची. "आधी टी, मग सी. घाई कसली आहे?" शाळेतून बोनाफाईड आणायला निघाले, तर दारातच अडवलंत. "बोना आणि फाईड, दोन शब्द आहेत. अर्थ, सद्हेतूने. तुझ्या सद्हेतूचा दाखला आता शाळेचा क्लार्क देणार, कमाल आहे." आई तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "अहो, कोर्ट कोर्टात ठेवा. इथे भाकरी गार होतेय."

पण कोर्ट तुम्ही घरी आणलंच होतंत. विश्रांतवाडीच्या त्या स्वयंपाकघरात कुणाचाही आवाज चढला की तुम्ही हात वर करून "तहकूब" म्हणता आणि लगेच तारीख देता, रविवार, पोह्यांनंतर. रविवारी विषय खरंच काढता. तोवर निम्मी भांडणं कुणाला आठवतही नसतात. एकदा वैतागून मीच म्हटलं, करून टाका ना साइनी डाय. तुम्ही एकदम गंभीर झालात. "म्हणजे पुढची तारीख न देता तहकूब. कोर्टात चालतं ते. घरात माणसाला तारीख द्यावी, बाळा. नाहीतर ते वाट बघत बसतं."

आई गेल्यावर तुम्ही तिथे एकटे, आणि मी इकडे कोथरूडला खोली तयार करून तुमच्या मागे लागलेली. एकदा आलात, खिडकीपाशी उभे राहिलात. "समोर दुसऱ्यांची खिडकी. म्हणजे त्यांना दिवसभर मी दिसणार. बिचारे." मी हसले नाही. राहायला कधी येताय ते सांगा, म्हटलं. तुम्ही चप्पल शोधत होतात. हात वर केलात आणि म्हणालात, "साइनी डाय." घरात पहिल्यांदाच. तुम्ही चेष्टा केलीत की नकार दिलात, ते तेव्हा विचारलं नाही. वाटलं, रविवारी बोलू. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. बाबा, मला तुमची फार आठवण येते. फक्त तेवढं एक उत्तर ऐकायला तुम्ही समोर हवे होतात.

लेकीला मी अर्थ सांगितला. बूट चढवता चढवता ती म्हणाली, "म्हणजे केस संपलीच की."

"नाही," मी जरा जोरातच म्हटलं. "संपलेली नाही. फक्त तारीख पडलेली नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि ती स्कूटरची किल्ली घेऊन गेली.

हे मी पाठवणार तरी कुठे? एक सांगून टाकते. ती खोली अजून कुणाला दिलेली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते, इस्त्रीचे कपडे ठेवायला लागते. पण दर रविवारी, पोहे झाले की, मी तिथल्या पलंगावरची चादर बदलते.