बिनमिठाचा वाटा

।। लक्ष्मीआई प्रसन्न ।।

कमठाणा,
१४ जुलै २०२४

ती. अनिलअण्णास,
श्रीशैलचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहीत आहे. पत्र कट करता येत नाही. पत्ता मंगलअक्काने दिला.

मंगळवारी लक्ष्मीआईला एडका कापला. मेंढरांमागे जाणार नाही म्हणून बाजारात अप्पांशी भांडून तू गेलास, त्याला वर्ष होत आले. तरी वाटे घालताना अप्पांनी तुझाही काढला. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. अमावस्येपर्यंत ज्याने आपला वाटा खाल्ला नाही, तो चुलीतून गेला, घरचा उरला नाही, असे धरतात. तिप्पण्णाकाका म्हणाले, पोरगं येत न्हाई तर वाटा कुनाला तरी देऊन मोकळं व्हा. अप्पा मेंढरांकडे निघून गेले. माय तेव्हापासून धड जेवलेली नाही.

म्हणून तुझा वाटा मी धुरावर धरला आहे. आजवर कधी केले नव्हते. मोबाइलवर एकजण हिंदीत शिकवतो, ते पुन्हापुन्हा पाहिले. तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोक पाडले, आत तारेवर मटणाच्या पट्ट्या टांगल्या आणि खाली बाभळीची लाकडे धुमसत ठेवली. तो माणूस सारखा मीठ चोळा, मीठ चोळा म्हणत होता. पण देवीच्या वाट्याला मीठ लावायचे नाही, आणि ज्याचा वाटा त्याच्याआधी कुणी चाखायचा नाही, हे दोन्ही मी नीट पाळले आहे. पावसाची भुरभुर आहे. धूर मटणाला कमी आणि माझ्या डोळ्यांना जास्त लागतो. पट्ट्या वरून काळ्या झाल्या, पण जाड आहेत तिथे दाबले की मऊ लागतात. सारखा वास घेऊन बघतो आणि दर वेळी वेगळाच येतो. बरोबर झाले की चुकले, कुणाला विचारू?

अमावस्येच्या आत ये. राग अप्पांवर असू दे, माझ्या वाट्याचा लोभ त्यात मिसळू नकोस.

तुझा धाकटा,
श्रीशैल

कलबुर्गी,
१८ जुलै २०२४

चि. श्रीशैल यास,
अनिलचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. एक काना-मात्रा चुकलेली नाही, गुरुजी असते तर वर्गात वाचून दाखवले असते. भाकरीला राख लागली तर पुसत बसणारा तू, आता मटण टांगायलास व्हय? आधी हसलो, मग घाबरलो. असल्या ओल्या दिवसांत बिनमिठाचे मांस नुसत्या धुराने टिकत नाही रे. इथे मिलमध्ये ओलसर तूर आली तरी आम्ही बाजूला काढतो, हे तर मांस आहे.

माझा वाटा पुरून टाक. चारचौघांत ज्यांनी माझ्यावर चप्पल उगारली, त्यांच्या चुलीत मी आहे की नाही, ते एडक्याने ठरवायला नको. आणि तू अजिबात चाखू नकोस. अप्पांना यातले काही सांगू नकोस. मायला नमस्कार.

उत्तर नको असे लिहिणार होतो. पण लिही.

तुझा अण्णा,
अनिल

बीदर, दवाखान्यातून,
२५ जुलै २०२४

ती. अनिलअण्णास,
शि. सा. न. वि. वि.

मी आणि अक्काने किती वेळा फोन लावला. आता स्पीड पोस्टने पाठवतो. वाईट बातमी आहे, पण अप्पा आहेत, हे आधी वाच.

तुझे पत्र आले तेव्हा अप्पा समोरच होते. काय लिवलंय म्हणाले. मला खोटे वाचता आले नाही, चपलेचे वाक्यसुद्धा वाचले. तेवढे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेले धोतर नेसले, पटका बांधला आणि तुझा वाटा बांधून दे म्हणाले. मायने विचारले, कामून? तर म्हणाले, त्यो येत न्हाई तर म्या जायलोय. मी आडवा आलो. मीठ नाही, अण्णाने पुरून टाक लिहिले आहे, सगळे सांगितले. त्यांनी माझ्या हातातून पुडके घेतले, एक पट्टी मोडली आणि चावू लागले. माय ओरडली, देवीचा वाटा उष्टा केला की ओ! त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, लेकराला द्यायच्या आधी कुनी तरी बगाया पायजे की.

मी सोबत निघालो. बीदरच्या बसस्टँडवर कलबुर्गीच्या गाडीची वाट बघताना त्यांना उलट्या सुरू झाल्या. आता सलाइन चालू आहे. अंगातले पाणी गेले, मूत्रपिंडांवर ताण आला आहे, इतक्यात काही सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. डोळे खोल गेले आहेत. उरलेल्या पट्ट्या मी पुरल्या. ते सांगितले तर म्हणाले, त्याचा वाटा कुठं बी गेला न्हाई, माज्या पोटात हाय. पोटात राहिला नाही, हे बोलायची मला हिंमत झाली नाही.

मूठभर मीठ लावले असते तर? दुसरे काही सुचत नाही. रीत मी पाळली, मोडली अप्पांनी, आणि झोपून तेच आहेत.

माझ्यावर लोभ ठेवावास असे आज कोणत्या तोंडाने लिहू?

श्रीशैल

कलबुर्गी,
२७ जुलै २०२४

ती. अप्पांस,
अनिलचा शि. सा. न. वि. वि.

श्रीशैल वाचून दाखवील. काही गाळू नकोस रे, आणि तुझी काही चूक नाही.

मिलचा ट्रक बीदरला निघाला आहे, ही चिठ्ठी ईरण्णा ड्रायव्हरजवळ देतो. माझ्या जागी माणूस आला की मागोमाग बसने निघतो. फोन हातात घेतला होता, पण तुमच्याशी बोलायला सुरुवात कुठून करतात तेच आठवेना.

चपलेचा राग अजून आहे, खोटे कशाला लिहू? तो समोर येऊन सांगणार आहे. भांडायला तुम्ही उठून बसायला पाहिजे, पडल्या माणसाशी मी भांडत नाही.

माय पेज देत असेल. तीत मीठ घालायला सांगा. आणि सगळी पिऊ नका. वाटीच्या तळाला थोडी राहू द्या, उष्टी. अमावस्येला अवकाश आहे. माझा वाटा तेवढाच, आणि तो मला तुमच्या हातून पाहिजे.

मी पोचेपर्यंत लोभ आणि जीव, दोन्ही सांभाळावेत.

तुमचा,
अनिल