माझ्या डोळ्यांच्या पेन्सिली

५ जुलै
रेल्वेच्या मेडिकलमध्ये नापास. ठिपक्यांच्या पुस्तकात बाकीच्यांना आकडे दिसतात, मले नुसते ठिपके. डॉक्टर म्हणाले, "लाल-हिरव्यात तुमची गल्लत होते. जन्मापासूनच असेल." इंजिन चालवायचं मिटलं. तिथं रडलो नाही. घरी येऊन रंगपेन्सिलींचा डबा उघडला, तेव्हा मात्र... इतकी वर्षं चित्रं काढतोय. काय काढत होतो मग?

८ जुलै
शुभाताई बातमी ऐकून सावनेरहून आली. दुपारभर बसून प्रत्येक पेन्सिलीला चिठ्ठी चिकटवली. हिरवी, लाल, तपकिरी.
"आता चुकणार नाही पाह्य तू."
लहानपणी शर्टाची बटणं लावून द्यायची, तसाच चेहरा.

११ जु.
वाडीला गोदामात नेहमीची ड्यूटी. जेवणाच्या सुट्टीत समोरचा कडुनिंब काढला, चिठ्ठ्या वाचून वाचून. झाड बरोबर आलं असेल. माझं नाही आलं. रात्री सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या.
दुसऱ्या दिवशी ताईचा फोन, आईनं सांगितलं असणार. "काहून काढल्या गा? लोक हसतील ना!"
"हसू दे. मले जे दिसते तेच काढतो."
तिनं फोन ठेवला.

१४ जु., रवि.
गच्चीवर, उजेडात. पांढऱ्या कागदावर प्रत्येकीची रेघ. ज्या दोघी मले सारख्या दिसतात त्यातली एक बाद. जांभळी आणि निळी एकच, जांभळी गेली. गुलाबी राखाडीत बुडते, गेली. लाल, हिरवी, तपकिरी म्हणजे तर एकच चिखल. त्यातली फक्त गडद तपकिरी ठेवली. पिवळ्याला हात लावायची हिंमत नाही, तो माझा राजा.
डबा जवळजवळ रिकामा. पण उरलं ते नक्की.

१६ जु.
सीताबर्डी. सुट्या पेन्सिली मिळणारं दुकान. निळ्यांमधले फरक मले बारीक दिसतात, म्हणून निळ्याच पाहिजे होत्या.
"पूरा सेट ले लो भैया."
सेट नको म्हटलं. एकेक दाराशी उन्हात नेऊन पाहिली. दुकानदार वैतागला. मी हललो नाही. आकाशी घेतली, मोरपंखी नको म्हटलं, एक काळपट निळी घेतली. शिवाय मोहरीच्या फुलासारखी पिवळी.

२० जु.
आई मेथी निवडत होती. काढली. सावल्या सगळ्या निळ्या, उजेड पिवळा.
तिनं चष्मा लावून पाहिलं. "माह्यं लुगडं असं नाही बाप्पा."
कागद आणखी जवळ धरला. मग, "पण हे मीच होय. थकली की अशीच बसतो मी."

२८ जु., रवि.
ताई आली. आईचं चित्र पाहिलं. हसली नाही. आत गेली ते आईकडे ठेवलेला लग्नातला शालू नेसूनच बाहेर आली.
"माह्यं काढ. शालू लालच पाहिजे, सांगून ठेवतो."
"लाल नाही माझ्याजवळ."
"मले काय माहीत. तू काढ."
चेहरा झाला. हात झाले. शालू कोरा. काळपट निळी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.
"कोणती घेतली गा?"
सांगितलं नाही. "हलू नको," म्हटलं, आणि खांद्यापासून सुरुवात केली.