हळदीच्या गोदामावरचा संगीत महोत्सव

१ जानेवारी २००२
आजपासून रोजनिशी. संकल्प : रोज लिहिणे. चिडणे बंद. संग्रहालयाचं नाव हिंगोलीबाहेर नेणे.
नोंद : हिंगोली आधुनिक कला संग्रहालय. धान्याच्या मोंढ्यात, हळदीच्या गोदामावरचा हॉल. मी मानद संचालक. एकूण चित्रं त्रेचाळीस, पैकी एक्केचाळीस माझी. उरलेली दोन सुमार आहेत, पण संचालकानं मन मोठं ठेवावं.

७ जानेवारी
मधले दिवस लिहिणं झालं नाही. चिंतन चालू होतं.
ट्रस्टचे अध्यक्ष गुलाबसिंगभाऊ येऊन गेले. व्हिजिटर्स बुक चाळलं. वर्षभरात सतरा सह्या. त्यातल्या नऊ माझ्या, हे त्यांनी अक्षरावरून ओळखलं. म्हणाले, "सर, मार्चपर्यंत बघू. मान्सं आली न्हाईत तर हॉल कॉम्प्युटर क्लासला देऊन टाकू."
म्हणजे मुदतवाढ मिळाली.

९ जानेवारी, पहाटे ५.१०
सुचलं! संग्रहालयात आधुनिक संगीत महोत्सव! तीन दिवस! परदेशात करतात म्हणे. लोक संगीतासाठी येतील आणि चित्रं बघून थक्क होतील. शिलाला उठवून सांगितलं. ती म्हणाली, चित्रं बघायलाच कोणी येऊन नाही राहिलं, त्यात आता गाणं काहून?
माझी बायको असून तिला मॉडर्न काही कळत नाही. चहा मात्र चांगला करते.

२ फेब्रुवारी
चौदा संगीतकारांना पत्रं टाकली होती. उत्तरं दोन. एकानं विचारलंय, हिंगोली नेमकी कुठे आली? दुसरे पुण्याचे. येतो म्हणतात. 'मी नव्या आवाजांच्या शोधात आहे.' योग्य माणूस.
कलाकार एकच, म्हणून महोत्सव एका दिवसाचा केला. त्यानं परिणाम एकवटतो.

१० मार्च
पत्रिका वाटतोय. लोक म्हणतात, परीक्षा आहेत, लग्नं आहेत, हळदीचा सीझन आहे. खरा रसिक वाट काढतो.
खाली गोदामवाल्या नोमाननं पॉलिशचा ड्रम सुरू केलाय. शिजवून वाळवलेली हळद त्या लोखंडी ड्रममध्ये घालून गरागरा फिरवतात, मग ती चकाकते. धूळ सगळी वर येते. माझ्या चित्रातलं निळं आकाश पिवळं झालंय. जाणकार याला सुवर्णकाळ म्हणतील.
नोमानला बजावलं, शनिवारी संध्याकाळी ड्रम बंद. तो म्हणाला, "सर, लोकं गाड्या भरून उभे हायेत. सातपर्यंत ठेवतो बंद. त्याच्या फुडं न्हाई जमायचं."
वाटाघाटी मला जमतात.

१६ मार्च, संध्या. ७.४०
हॉलमध्येच बसून लिहितोय.
खुर्च्या साठ. माणसं अकरा, शिला धरून. संगीतकार बारीक, दाढीवाले. सामान : पत्र्याचे तुकडे, एक रेडिओ, एक टेपरेकॉर्डर. चित्रांकडे पाठ करून बसले. एकाग्रता असावी.
साडेसहाला सुरुवात. पत्रा घासला. रेडिओची खरखर. बराच वेळ काही नाही. परत पत्रा. वीस मिनिटांनी गुलाबसिंगभाऊ माझ्या कानाशी लागले. "टेस्टिंग कव्हा संपंल?" म्हटलं, हेच आहे. "हे?" म्हणाले.
बरोबर सातला खालचा ड्रम सुरू झाला. भिंतीवरची चित्रं हलायला लागली. मी जिन्याकडे पळालो तर संगीतकारांनी माझा हात धरला. डोळे मिटून ऐकत राहिले. मग टेपरेकॉर्डर उचलला आणि खाली गेले. त्यांच्यामागे लोक. लोकांमागे गुलाबसिंगभाऊ. शेवटी शिला, "बघून येते" म्हणून.
खिडकीतून दिसतंय. हमाल, गाडीवाले धरून चाळीसेक माणसं जमली. नोमान ड्रम हळू-जोरात फिरवून दाखवतोय. टाळ्या पडताहेत.
ते वर आले की चित्रांविषयी चर्चा करीन.

१७ मार्च
वर आले नाहीत. सामान नोमाननं स्टेशनवर पोचवलं. गाडीची घाई असणार.

११ एप्रिल
पुण्याहून पत्र! पोस्टमन वर घेऊन आला. पत्ता : नोमान, हळद गोदाम. नोमान म्हणाला, "वाचून दाखवा नं सर."
ड्रमचा आवाज पुण्यात एका मोठ्या कलादालनात वाजवला. लोक उठून उभे राहिले. पुढच्या महिन्यात नोमाननं यावं, जाण्या-येण्याची सोय करतो. शेवटी लिहिलंय, 'तुमच्या वर एक रिकामा हॉल आहे, त्यात हा आवाज फार सुंदर घुमतो.'
ही ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.
नोमाननं विचारलं, "तुमचं नाव हाय नं त्याच्यात?"
हाय, म्हटलं.

३० एप्रिल
दुपारपर्यंत कॉम्प्युटर क्लाससाठी हॉल रिकामा केला. दोन हातगाडे. ती दोन सुमार चित्रं ज्याची होती तो येऊन घेऊन गेला. फडक्यात गुंडाळून, लेकरू उचलावं तशी.
माझी भर उन्हात रस्त्यावरून नेली. इतक्या उजेडात ती मी कधी बघितली नव्हती. चौकात गाडे थांबले तेव्हा पहिलं बघितलं. मग दुसरं. मग चप्पल बघत चालत राहिलो.
घरी भिंतीला टेकवून ठेवली. स्वयंपाकघरात जायला वाट उरली नाही. शिलाला म्हटलं, खरं सांग, कशी आहेत?
ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी आता काहून इचारून राहिले?"
म्हटलं, सहज.
"मग जेवून घ्या."
जेवलो.