आधी दुकानात बसायचं

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. सांगण्यासारखं बरं काही घडलं की लिहू, असं म्हणत राहिलो. आता तसं काही घडेल असं वाटत नाही, म्हणून लिहितो. गढा मोहल्ल्यातल्या तुमच्या घराची पुढची खोली, जिथे तुम्ही मला वेबसाइट बनवायला शिकवलं आणि जिथे तुमच्यामागे मी तेच काम रेटत राहिलो, ती मी काल सोडली.

तुमची रीत अजून पाठ आहे. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या दुकानात अख्खा दिवस बसायचं, लोक काय विचारतात ते वहीत उतरवायचं, कॉम्प्युटरला हात नंतर. मला तो वेळकाढूपणा वाटायचा. अधारतालच्या बियाण्याच्या दुकानाचं काम आलं तेव्हा मी गेलोच नाही. खुर्चीतच बसून हिरवीगार शेतं, हलणारी अक्षरं, सगळं थाटात केलं आणि तुम्हाला दाखवायला थेट स्वयंपाकघरात आलो. काकू पोह्यांना फोडणी देत होत्या. "फोन नंबर कुठं आहे रे?" तुम्ही विचारलं. नंबर शेवटच्या पानावर, तळाशी. "बरगी गावचा माणूस मटारचं बियाणं आलं काय एवढंच विचारते, अन् तू त्याले शेत दाखवून राहिला. त्याच्याकडे शेत नाही काय?" काकू हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात पोत्यावर बसलो आहे, माणसं येतात, विचारतात, मी लिहितो. त्या दोन पानांतून झालेली साइट बारा वर्षं चालली.

आता मोबाइलवर चार प्रश्नांची उत्तरं दिली की चहा निवायच्या आत साइट तयार होते, तीही जवळजवळ फुकट. 'सस्ता रोए बार-बार' हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. रडलं कुणीच नाही. एकेक करून सगळे गेले आणि शेवटी उरलेल्या बियाणेवाल्यांनीही मला बोलावलं. "भैया, बुरा मत मानना, ये हमने खुद बना ली." मी त्यात चूक शोधत बसलो. नंबर वरच होता, ठळक. मटारचं बियाणं पहिल्याच ओळीत. जन्मभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला लोक काय विचारतात ते ठाऊकच होतं. मधे मी कशाला हवा होतो? मला त्यांचा राग आला नाही, सर. तुमचा आला.

मग नोकरी धरली. अशाच एका स्वस्त साइटवाल्या कंपनीत, घरी बसून. कुणाला काही जमलं नाही की ते मला लिहून विचारतात आणि मी ठरलेल्या उत्तरांतलं एक पाठवतो. त्यांचं दुकान कुठे आहे, तिथे काय विकतात, हे मला कळत नाही, आणि विचारायची परवानगीही नाही.

काल काकूंना किल्ली द्यायला गेलो. "काहून सोडून राहिला रे खोली?"

"काम वाढलं, काकू. आता घरूनच करून राहिलो."

"अच्छा. अन् दुकानात बसाले जातो ना अजून? हे म्हणायचे, मी नसलो तरी हा पोरगा बसणं सोडणार नाही."

"जातो ना," मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली, आणि मी ती खाल्ली.

हे पत्र काकूंच्या हाती पडू नये म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. त्या रागावतील अशी भीती नाही. मी अजून तुमच्यासारखं काम करतो असं समजणारं या शहरात एकच माणूस उरलं आहे, आणि ते मला घालवायचं नाही.